भरल्या गाडीची परीक्षा

क्लेम ट्रेलोर म्हणजे जन्माचा काळजीखोर माणूस. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना हे बघायला तो फाटकापासून हमखास मागे फिरायचा. वॉलरिंगा गावच्या शाळेची बस चालवत होता तेव्हा शेवटचं मूल उतरलं तरी सगळ्या बाकांखाली वाकून बघायचा. पोरं त्याची नक्कल करायची, पण त्यांच्या आया निर्धास्त असायच्या.

अशा माणसाच्या हाती गावच्या साप्ताहिकाने मोटारींचं पान दिलं, आणि ते कसं जमून गेलं! शहरातल्या बड्या मासिकांचे परीक्षक गाडीत एकटे बसतात, मोकळ्या रस्त्यावर दामटतात आणि खाली उतरून तिला ‘कुटुंबाची गाडी’ म्हणून मोकळे होतात. क्लेमला याची मनस्वी चीड होती. कुटुंबाची गाडी म्हणता ना, मग कुटुंब कुठंय तुमचं? म्हणून दर उन्हाळ्यात नवी मॉडेलं आली की तो विक्रेत्यांकडून तीन मोठ्या गाड्या मागून घ्यायचा आणि एकेका शनिवारी एकेक गाडी घेऊन सगळं घरदार पोर्ट एलार्डच्या समुद्रावर न्यायचा. रस्ता तोच. माणसंही तीच: तो, बायको आयलीन, मुलगी रॉस्लिन, जावई डॅरिल आणि नातवंडं जोडी व शेन. म्हणजे पुढच्या सलग बाकावर तिघं, मागे तिघं. डिकीत तंबू, बर्फाची पेटी, क्रिकेटचं सामान आणि पाण्याचे कॅन, कारण पोर्ट एलार्डचं पाणी इतकं मचूळ की त्यात चहासुद्धा फुकट जातो. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं: ‘सगळं कुटुंब, सगळं सामान’. लोक ते वाचून गाड्या घ्यायचे.

आता यात एक गोम होती. तीन गाड्यांतली एक वॉरेगो असायची आणि वॉरेगो वॉलरिंगातच बनायची. गावाच्या उत्तरेला तिचा कारखाना. अर्धं गाव तिथं कामाला आणि उरलेलं अर्धं त्यांना पाव, बूट आणि बिअर विकायला. आयलीनचे वडील पहिल्या दिवसापासून तिथले, डॅरिल दारं बसवण्याच्या लाइनवर. कॅव्हेंडिश घेणारा माणूस गावात निघाला तर त्याला हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स क्लबात खेळायला जोडीदार मिळायचा नाही, आणि जपानी हिनोका घेणाऱ्याचं नाव तर सासरचे लोकही दबक्या आवाजात घ्यायचे. तरी क्लेमवर कुणी कधी पक्षपाताचा आळ घेतला नव्हता. वॉरेगो बहुतेक वेळा जिंकायची, पण क्लेम तिच्या खोडीही लिहायचा. दाराचा आवाज, तापणारी सीट, काहीही. तिची एक गोष्ट मात्र तो दरवर्षी न चुकता वाखाणायचा. सगळं कुटुंब घेऊन ती समुद्राच्या वाटेवरचा मॅगर्कचा उतार दोन्ही परक्या गाड्यांपेक्षा निवांत उतरते, असं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नवी वॉरेगो आली तेव्हा कारखान्याची हालत पातळ झाली होती. गाड्या आवारात उभ्या होत्या. हे मॉडेल चाललं नाही तर दोन पाळ्यांतली एक बंद, असं उघड बोललं जात होतं. आणि बंद होणारी पाळी डॅरिलची होती.

“पॉप, यंदा जरा दणकून लिहा,” तो रविवारी जेवताना म्हणाला. मुलं झाल्यापासून तोही त्यांच्यासारखा सासऱ्याला पॉप, म्हणजे आजोबाच म्हणायचा. “तुमच्या पानावर चार गाड्या जास्त खपल्या तर चार दिवस जास्त काम.”

“जे दिसेल ते लिहीन.”

“दिसेल हो चांगलंच. गाडी आपली आहे.”

पहिल्या शनिवारी कॅव्हेंडिश झाली. आयलीनने नेहमीप्रमाणे डिकी भरली. सामान भरणं हे तिचं राज्य. क्लेम तेव्हा टायरमधली हवा बघत असायचा आणि तिच्या कामात नाक खुपसायची त्याची छाती नव्हती. गाडी डुलत गेली, उतारावर थोडी कुरकुरली, पण उतरली. दुसऱ्या शनिवारी हिनोका. मागच्या बाकावर डॅरिलचे गुडघे हनुवटीला लागले आणि तो परत येईस्तोवर जपानच्या नावाने शंख करत होता. पण ब्रेक मात्र चोख. क्लेमने मनात नोंद घेतली.

तिसरा शनिवार वॉरेगोचा. आदल्या दिवशी आयलीनच्या बहिणीला दवाखान्यात ठेवल्याचा फोन आला आणि आयलीन बसने तिकडे निघाली. निघताना दारातून म्हणाली, “क्लेम, पुढच्या शनिवारी जाऊ या ना. मी नसताना कशाला?”

“मंगळवारी मजकूर द्यायचाय.”

“मग निदान सामान जास्त घेऊ नकोस.”

“जास्त कशाला? नेहमीचंच घेईन,” क्लेम म्हणाला. तिचा चेहरा का उतरला हे त्याला कळलं नाही. बहिणीच्या काळजीने असेल असं त्याला वाटलं.

शनिवारी सकाळी त्याने स्वतः डिकी भरली. तंबू, काठ्या, क्रिकेटच्या बॅटी, गळ्यापर्यंत भरलेले पाण्याचे कॅन. बर्फाच्या पेटीत बेकरीतून आणलेला सगळा बर्फ ओतला. आयलीनच्या जागी तिच्या वजनाइतकी वाळूची पोती पायांशी टाकली, कारण नियम म्हणजे नियम. डॅरिलही आला. एरवी वॉरेगोच्या दिवशी त्याची नेमकी ऐनवेळी जादा पाळी निघायची, त्याच्या जागी पोती ठेवणंही आयलीनकडेच असायचं, आणि डॅरिल म्हणजे काही पिसासारखा माणूस नव्हे. यंदा जादा पाळ्याच बंद झाल्या होत्या, त्यामुळे बिचाऱ्याला सबबच उरली नाही. डिकी बघून तो थबकला.

“एवढं सगळं?”

“एवढंच असतं की रे नेहमी.”

डॅरिलने बायकोकडे पाहिलं, बायकोने आकाशाकडे पाहिलं. सगळे बसले.

मॅगर्कच्या माथ्यापर्यंत गाडी छान चालली. क्लेम खूश होता. रेडिओवर क्रिकेट चालू होतं, मुलं मागे चिमटे काढत होती. मग उतार लागला. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला लागला. तिसऱ्याला त्याला पेडल किंचित मऊ वाटलं, म्हणून त्याने जरा जोर दिला. जळका वास आला. आधी त्याला वाटलं कुणाच्या तरी शेतात काही पेटलंय. चौथ्या वळणाला त्याने पाय दाबला आणि पेडल नुसतं खाली गेलं.

“पॉप, हळू ना,” जोडी म्हणाली.

क्लेमच्या तोंडचं पाणी पळालं, पण बसवाल्याचे हात जागेवर होते. त्याने गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं. हातब्रेक थोडा थोडा घेतला. समोरून लोकरीचे गठ्ठे घेऊन ट्रक चढत होता. त्याच्या अंगावरून गाडी घासत गेल्यासारखी गेली. पुढे डाव्या हाताला एका मळ्याची खडीची वाट वर चढत होती हे त्याला माहीत होतं. त्याने गाडी तिच्यात घातली. खडी उडाली, बर्फाची पेटी मागच्या बाकाच्या पाठीवर धडकली आणि गाडी फाटकाच्या अलीकडे थांबली.

शेनने विचारलं, “पुन्हा करायचं?” आणि रॉस्लिनने त्याला आयुष्यात पहिल्यांदा थोबाडीत मारली. मग तीच रडायला लागली.

चाकांतून धूर येत होता. डॅरिल खाली उतरून खडीवर उकिडवा बसला. चेहरा पांढराफटक. मुलांना दोनदा चाचपून झाल्यावर क्लेम त्याच्याजवळ गेला.

“दरवर्षी एवढं सामान घेऊन ही गाडी इथून उतरते,” क्लेम म्हणाला. “आजच काय झालं?”

उत्तर दिलं ते रॉस्लिनने, गाडीच्या दारातून, नाक पुसत.

“बाबा, दरवर्षी नाही उतरली. आई वॉरेगोच्या दिवशी निम्मं सामान घरीच ठेवते. कॅन रिकामे असतात. पेटीत वरवर बर्फ, खाली वर्तमानपत्रं. आणि ह्याला ती स्वतःच सांगते, तू येऊ नकोस म्हणून. ह्याच्या जागच्या पोत्यांत नुसता भुसा असतो.”

क्लेमला आधी हसूच आलं. मग त्याला आपली सगळी पानं आठवली. त्यावरून गाड्या घेतलेली माणसं आठवली. बसमध्ये पाहिलेली, मोठी झालेली, आता स्वतःची पोरं मागे बसवून ह्याच उतारावरून समुद्राला जाणारी. तो वाटेच्या कडेला जाऊन ओकला.

सोमवारी आयलीन परतली. बहीण बरी होती. क्लेम स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिला सगळं कळलं.

“मुलं?” तिने विचारलं.

“ठीक आहेत.”

ती टोपीसकट खुर्चीत बसली. “माझे बाबा त्या कारखान्यात होते, क्लेम. पहिल्या वर्षी तू लिहायला लागलास, आणि मला वाटलं, परक्यांच्या गाड्यांपुढे आपली धापा टाकायला नको. म्हणून एक कॅन रिकामाच ठेवला. मग दुसऱ्या वर्षी दोन. मला वाटायचं, काय बिघडतंय? काही कमी पडलं तर दुकान तिथंही आहे.”

“मी लिहायचो, सगळं सामान.”

“तुझं पान लोक गंमत म्हणून वाचतात असं मला वाटायचं.”

“गंमत म्हणून?” क्लेम उठून उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिच्यावर ओरडला नव्हता. आताही त्याला ओरडता येईना, नुसता आवाज फाटला. “आयलीन, त्या गाडीत जोडी होती. शेन होता.”

“मला काय ते कळत नाही?” ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली. क्लेमने तिची समजूत घातली नाही. त्याला तेव्हा ते जमलं नाही.

संध्याकाळी डॅरिल आला तो दारातच उभा राहिला. “पॉप, एकच मागणं. गाडी पुन्हा एकदा उतारावर न्या. नेहमीच्या वजनाने. माणसं जेवढी नेतात तेवढ्याने.”

“माणसं किती नेतात? तू किती नेतोस नाताळात?”

डॅरिलने मान फिरवली. नाताळात तो मागे होडीसुद्धा जोडायचा.

“एका गाडीचा दोष असेल,” तो म्हणाला. “शुक्रवारी संध्याकाळी जोडलेली असेल. घाईत.”

हे क्लेमला पटलं. पटलं म्हणजे त्याला पटवून घ्यायचं होतं. जीव मुठीत धरून कुणी सुटकेची वाट पकडतो तशी त्याने ती पकडली. रात्रभर त्याला डोळा लागला नाही. मंगळवारी सकाळीच तो विक्रेत्याकडे गेला, दुसरी वॉरेगो मागितली, घरी आणून तिच्यात पोती आणि कॅन टाकले. निघणार तेवढ्यात बाजूचं दार उघडलं आणि आयलीन आत येऊन बसली.

“उतर,” क्लेम म्हणाला.

“नाही उतरत. माझ्या जागी वाळू ठेवतोस होय?”

मॅगर्कच्या उतारावर क्लेमने आधीपासूनच गाडी सांभाळून घेतली होती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. आयलीन दाराच्या कडीला धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. पेडल घट्ट होतं. क्लेमच्या मनात आशेचा अंकुर फुटला. मग तोच वास आला. आयलीनला तो आधी आला. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि क्लेमने गिअर खाली ओढला.

साप्ताहिकाची संपादक बेव्ह हॅनिगन फटकळ बाई. तिने मजकूर वाचला, चष्मा काढला, परत घातला.

“समोरच्या पानावर कारखान्याची जाहिरात आहे, क्लेम.”

“माहीत आहे.”

“पुढच्या आठवड्यात नसेल.”

“तेही माहीत आहे. पण खाली हे चार ओळींचं आहे ना, ते कापू नकोस.”

त्या चार ओळींत त्याने लिहिलं होतं की आधीच्या वर्षांत या गाडीची परीक्षा पूर्ण भाराने झाली नव्हती, आणि त्यावर विसंबून कुणी वॉरेगो घेतली असेल तर त्याने उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा आणि वजन बेताचं ठेवावं. आयलीनचं नाव त्यात नव्हतं. चूक परीक्षकाची, एवढंच होतं. बेव्हने पुन्हा वाचलं. “आधी हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं,” ती म्हणाली आणि मजकूर खिळे जुळवायला पाठवून दिला.

गुरुवारी साप्ताहिक आलं. क्लेम बेकरीत पाव घ्यायला गेला तर बोलणं बंद झालं. बेकरीवाल्याने पिशवी ठेवली ती हातात न देता काउंटरवर. बोल्स क्लबात त्याच्या नावाची पाटी कुणीतरी उलटी लावली होती. दुपारी फाटकावर अंडं फुटलं. ‘म्हातारा विकला गेलाय’ असं बोललं जात होतं, आणि कुणाला विकला गेला ते प्रत्येकाला निराळं माहीत होतं. क्लेमला त्यातलं काही फारसं लागलं नाही. त्याचं सगळं लक्ष डॅरिलकडे होतं. डॅरिलने फोन केला नव्हता. रॉस्लिनने केला होता, पण नुसतं “मुलं बरी आहेत” म्हणून ठेवून दिला. मॉडेल चाललं नाही, पाळी गेली, घर विकून जावई पोरांना घेऊन दुसऱ्या टोकाला निघून गेला, असं सगळं चित्र क्लेमने मनात शेवटापर्यंत रंगवलं. त्यात तो पटाईत होता.

शुक्रवारी संध्याकाळी मागच्या दाराशी बूट वाजले. डॅरिल आत आला. कामाचे कपडे, हातात डबा, गणवेशाच्या पाठीवर कुणीतरी खडूने काहीतरी लिहिलेलं अर्धवट पुसलेलं. आयलीन चुलीपाशी होती, ती तशीच थिजली. क्लेम दोन दिवस मनात घोकलेलं बोलणं एका क्षणात विसरून गेला.

“पॉप,” डॅरिल म्हणाला, “मी कालपासून सगळ्यांना सांगतोय की म्हातारा भ्रमिष्ट झालाय. नजर गेलीय, पायात जोर नाही, ब्रेकच नीट दाबत नाही. सगळ्या लाइनला सांगितलं. हसले सगळे.”

“ठीक आहे,” क्लेम म्हणाला. “तसं सांग.”

“ऐका तर. आज जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यातला वेन आला. त्याला मुलगी झालीय, महिन्याची असेल. उद्या बायकोला आणि बाळाला घेऊन सासुरवाडीला चाललाय. पोर्ट एलार्डला. नवी वॉरेगो, डिकी भरून, वर पाळणा बांधून. तो सगळ्यांसमोर म्हणाला, डॅरिल, तू होतास ना त्या गाडीत? खरं सांग.”

डॅरिलने डबा टेबलावर ठेवला.

“सगळे बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणायला. आणि मला ते म्हणताच येईना, पॉप. माझ्या डोळ्यांसमोर आमची जोडी आली. मी त्याला म्हटलं, नको नेऊस. बाळाला नको नेऊस त्या उतारावरून.”

“सगळ्यांसमोर?” आयलीनने विचारलं.

“फोरमनसुद्धा होता. त्यानंतर दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही. सोमवारीही बोलणार नाहीत.” तो खाली बसला आणि तोंड हातांत झाकून लहान मुलासारखा रडायला लागला. एवढा मोठा माणूस, त्याच्या रडण्याने टेबल हलत होतं.

क्लेम त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. दोन दिवस तो या माणसाच्या रागाला घाबरत होता. आता त्याला त्याच्यासाठी नुसती भीती वाटली, सोमवारची, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाची, आणि तिच्यावर आपल्याकडे काहीच उपाय नाही हेही त्याला कळत होतं. त्याने जावयाच्या पाठीवर, त्या खडूच्या अक्षरांवर, हात ठेवला आणि तसाच ठेवून बसला.